थोपटण्याचा ठेका

"पण बुवा, दत्तू का?"

नारायणगीर बुवा पखवाजाला लावायची कणीक परातीत मळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"माझ्या हातात काय कमी आहे, तेवढं सांगा. मग गप्प बसतो."

"तू गप्प बसशील... असं काही मला वाटत नाही," बुवा म्हणाले आणि त्यांनी कणकेला पाण्याचा हात लावला.

वेण्णाकाठच्या त्या लहानशा मठात बुवांनी आयुष्यभर पखवाज वाजवला आणि शिकवला. अलीकडे त्यांच्या हाताला कंप सुटला होता. उद्या मठाच्या मूळपुरुषांची पुण्यतिथी. सकाळी समाधीपुढे इंदूअक्का पदं म्हणणार होत्या. अक्कांनी सत्तरी कधीच ओलांडली होती, आणि यंदाचं हे शेवटचं, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. त्यांच्या साथीला आजवर बुवांखेरीज कुणी बसलं नव्हतं. बुवांच्या जागी आता कोण, हे समोर बसलेल्या त्यांच्या शिष्याने, भार्गवने, मनाशी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. आणि काल रात्री जेवताना बुवांनी दुसऱ्या शिष्याचं, दत्तूचं, नाव घेतलं.

दत्तूची बोटं जाड. लय वाढली की त्याचे बोल एकमेकांना चिकटत. उलट भार्गवची थाप पडली की समोर बसलेल्याच्या छातीत काहीतरी हलत असे. साताऱ्याला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सदऱ्याची बाही वर करून त्याला दंडावरचा काटा दाखवला होता. "अंगाला बोट न लावता शिवलात मला," असं ते म्हणाले होते. हे वाक्य भार्गव भेटेल त्याला सांगे. बुवांनाही सांगून झालं होतं, एकदा नव्हे, दोनदा.

"काल तालमीत काय झालं?" बुवांनी विचारलं.

"काही नाही. मी समेवर आलो, अक्का मागे राहिल्या."

"राहिल्या?"

"श्वास पुरला नाही त्यांना. मी मात्र सम सोडली नाही. बसलेले सगळे माझ्याकडेच बघत होते."

"आणि अक्का?"

भार्गवने आठवून पाहिलं. अक्कांकडे त्याने बघितलंच नव्हतं.

"चूक त्यांची होती, बुवा. माझी नव्हे."

"तुझी नव्हतीच," बुवा म्हणाले. "तुझी कधीच नसते."

हे कौतुक समजावं की काय, ते भार्गवला कळेना. त्याने कौतुक समजायचं ठरवलं.

तेवढ्यात आतून सुभद्रा आली. मठाचा स्वयंपाक तिच्याकडे असे. तिच्या काखेत तिची चिमी गळा काढून रडत होती.

"बुवा, हिला घ्या जरा. दात येतायत, सकाळपास्नं जीव खाल्लाय नुसता. तिकडं तव्यावर भाकरी करपतीया."

"माझे हात कणकेचे. भार्गवकडे दे."

"त्यांच्याकडं?" सुभद्राने भार्गवच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्याकडे एकवार पाहिलं. "बघा हां. काय केलं तिनं तर मला बोलू नका."

पोर भार्गवच्या मांडीवर टाकून ती आत पळाली.

"निजव तिला," बुवा म्हणाले.

"मी?"

"ज्याच्या हाताने साताऱ्यात काटा येतो, त्याला एवढं अवघड जाऊ नये."

भार्गवला हसू आलं. त्याने चिमीला मांडीवर पालथं घातलं आणि थोपटायला सुरुवात केली. लय संथ, रेघ ओढल्यासारखी सरळ. एक थाप दुसरीहून जड नाही, एक दुसरीच्या आधी नाही. एखाद्या नवख्याला बसवून दाखवावं, असं ते थोपटणं होतं.

चिमीने मान उचलून असा टाहो फोडला की समाधीच्या कळसावरची कबुतरं उडाली.

भार्गवने लय थोडी चढवली, थापेला जरा वजन दिलं. चिमी लालबुंद झाली.

"अवो, लेकरू हाय ते, ढोल न्हाई," आतून आवाज आला.

भार्गवचा हात थांबला. "हिला ताल कळत नाही, बुवा."

"हो. पोरीत तेवढी एकच खोट आहे."

बुवांनी पंच्याला हात पुसले. दोघांमध्ये अंथरलेली घोंगडी सारखी केली आणि चिमीला तिच्यावर कुशीवर निजवलं. लगेच थोपटलं नाही. कापणारा हात तिच्या पाठीवर नुसता ठेवला. ती रडत राहिली. हात तिथेच राहिला.

...

मग हात हलू लागला. भरभर, वाकडातिकडा. हुंदका संपला की थाप, पुढचा लवकर आला तर थापही लवकर. भार्गवची बोटं सवयीने पेरं मोजू लागली. चार धरून बघितलं, पाच धरून बघितलं. कशातच बसेना. आयुष्यभर पखवाजावर ज्या हाताचा केसभर फरक पडला नाही, तोच हात असा वेडावाकडा चाललेला पाहून त्याला बुवांच्या वयाची कीव आली.

हुंदक्यांमधलं अंतर वाढलं. थापाही लांबल्या. एक उशिरा पडली. एक पडता पडता वरच थांबली आणि मग अगदी सावकाश टेकली.

"बुवा," भार्गव हलकेच म्हणाला, "लय उतरली."

बुवांनी वर पाहिलं नाही.

"कुणाची?"

भार्गवने चिमीकडे पाहिलं.

अंगणात कुणीतरी घागर ठेवली. चिमी झोपली होती.

"हात आण इकडे," बुवा म्हणाले. आपला हात काढता काढता त्यांनी भार्गवचा हात तिच्या पाठीवर टेकवला.

"थोपटू?"

"नको. असू दे नुसता."

पाठ ऊन होती, तळव्याहून थोडीशीच मोठी. वर येत होती, खाली जात होती. मध्येच राहून गेलेला एक हुंदका आला आणि पाठ अडखळली. भार्गवचा तळवाही तिथे थबकला. त्याने थबकवला नव्हता. पेरं मोजणारी दुसऱ्या हाताची बोटं कधी थांबली, तेही त्याला कळलं नाही.

काल अक्का अशाच अडखळल्या होत्या. श्वास तुटायच्या जरासं आधी त्याला ते ऐकू आलं होतं. नीट ऐकू आलं होतं. आणि तरी तो तसाच पुढे गेला होता, ताठ मानेने.

"कळलं मला, बुवा," तो म्हणाला.

"इतक्यात?"

भार्गवचे कान तापले. कारण नेमकं त्याच क्षणी त्याच्या मनात येऊन गेलं होतं की दत्तूला हे कळायला वर्ष लागलं असतं.

बुवा पुन्हा परातीकडे वळले. कणकेचा गोळा तोडून त्यांनी तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर लावला, अंगठ्याने पसरला, एक हलकी थाप दिली. ऐकलं. चिमटीभर कणीक काढून टाकली. पुन्हा ऐकलं.

भार्गव बघत होता. हात चिमीच्या पाठीवरच होता. काढायचं धैर्य होत नव्हतं.

मठाच्या दारात चपलांचा आवाज झाला. तालमीला इंदूअक्का आल्या होत्या. मागून दत्तू त्यांचा तंबोरा सांभाळत येत होता. पायरीशी अक्का दम घ्यायला थांबल्या आणि दत्तूही थांबला.

"बुवा..." भार्गवचा आवाज खाली गेला होता. "मग उद्या मी बसू का?"

आजवर हे त्याने कधी विचारलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

बुवांनी पखवाज त्याच्यापुढे सरकवला नाही, पायरीशी उभ्या दत्तूकडेही नाही. मध्येच ठेवला.

"मला काय विचारतोस? गाणार अक्का आहेत."