ढकलगाडीवरचा चहा

एकदा एक वृद्ध गुरू होते. तरुणपणी ते देशाच्या रग्बी संघात अगदी पहिल्या रांगेत खेळले होते, आणि त्याची खूण म्हणून त्यांचे दोन्ही कान भाजलेल्या पापडासारखे दुमडले होते. त्या कानांची त्यांना कधी लाज वाटली नाही. कोणी टक लावून पाहिले तर ते म्हणत, "जवळ येऊन बघा, तिकीट नाही." वय झाल्यावर त्यांच्याकडे संघाचे फॉरवर्ड निवडण्याचे काम आले होते. सर्व खेळाडू त्यांना अण्णा म्हणत.

रग्बीत फॉरवर्ड म्हणजे आठ धिप्पाड माणसे. खेळ थांबून पुन्हा सुरू करायचा असला की हे आठ जण एकामागे एक अशा तीन रांगांत वाकतात, एकमेकांना बगलेतून घट्ट धरतात आणि समोरच्या संघातील तशाच आठ जणांना खांदे भिडवून रेटतात. यालाच स्क्रम म्हणतात. ज्यांचा रेटा चांगला, त्यांच्या पायांत चेंडू येतो. मग मागे उभा असलेला एखादा चपळ गडी तो उचलतो, वाऱ्यासारखा पळतो, आणि टाळ्या त्याला मिळतात. रेटणारे तोपर्यंत चिखलातून उठत असतात.

मागच्या वर्षी शेजारी देशाच्या संघाने आपल्या आठ जणांना सामनाभर मागे रेटले होते. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले होते, "अरे, यांची गाडी रिव्हर्समध्येच अडकली आहे!" त्या वाक्यावर सगळे मैदान हसले होते. यंदाचा सामना रविवारी होता.

अण्णांचा एक शिष्य होता. प्रामाणिक, कष्टाळू, आणि त्या हसण्याने सर्वांत जास्त दुखावलेला. अण्णा त्याला म्हणाले, "यंदा आठ जण तू निवड. तुझा निर्णय मी बदलणार नाही. फक्त तो जाहीर करण्याआधी मला एकदा त्यांच्यासोबत सकाळचा चहा घेऊ दे."

शिष्याला आनंद झाला आणि रात्रीची झोपही उडाली. चूक करायची नाही असे त्याने मनाशी ठरवले होते, म्हणून त्याने निवडीत डोळ्यांवर किंवा मनावर विश्वास ठेवला नाही. मैदानाच्या कडेला सरावाची लोखंडी ढकलगाडी होती. तिला चाके नव्हती. पुढे खांदे टेकवण्यासाठी गाद्या आणि वर वजनासाठी वाळूची पोती. निवडीच्या शिबिराला आलेल्या प्रत्येकाला त्याने ती एकट्याने ढकलायला लावली. ज्याने ती अधिक दूर नेली तो अधिक चांगला. यात कोणावर अन्याय होण्याची शक्यताच नव्हती.

सात जागा सहज भरल्या. प्रश्न राहिला पहिल्या रांगेतल्या उजव्या जागेचा. तिथे दोघे होते.

एक होता भैरू. विशीतला, दारातून आत येताना अंग तिरपे करावे लागणारा. त्याने गाडी इतकी दूर नेली की ती परत आणायला चौघे लागले.

दुसरा हणमंत. चौतिशीला आलेला, मानेवर राठ घट्टे पडलेला. राष्ट्रीय शिबिरात तो याआधीही आला होता, आणि दर वेळी शेवटच्या दिवशी त्याला घरी पाठवले गेले होते. देशाची जर्सी त्याने कधी अंगात घातली नव्हती, आणि यानंतर शिबिराला बोलावणे येण्याचे त्याचे वय उरले नव्हते. खोलीतल्या मुलांनी त्याला विचारले होते, "दादा, तुम्ही कपडे कपाटात का नाही लावत?" तो हसून म्हणाला होता, "बॅग अर्धी भरलेलीच ठेवतो रे. शेवटच्या दिवशी घाई नको." मुले हसली होती. तोही हसला होता, पण बॅगेची चेन मात्र त्याने ओढून घेतली होती.

एकट्याने ढकलताना हणमंतची गाडी फार लांब गेली नाही. शिष्याला वाईट वाटले. पण त्याला वाटले, वाईट वाटणे हे निवडीचे कारण होऊ शकत नाही. त्याने भैरूला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मैदानावर आले. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, आणि हातात काठोकाठ भरलेली कपबशी. ते सरळ ढकलगाडीपाशी गेले, शिष्याच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढले आणि वाळूच्या पोत्यावर मांडी घालून बसले.

"हं. तुझे आठ जण येऊ देत," ते म्हणाले. "आणि ढकला."

शिष्य घाबरला. "अण्णा, काय हे? पडाल तुम्ही!"

"पडलो तर उचला. धिप्पाड माणसं आहेत ना तुझ्याकडे?"

पहिल्या रांगेत मधल्या जागेवर खेळणारा इनास म्हणाला, "अण्णा, बिस्किटं पण आणू का?"

"आधी चहा तरी प्यायला मिळतो का बघू."

आठ जण वाकले, एकमेकांत गुंतले, शिट्टी वाजली. गाडी एकदम हबकली, डावीकडे वळली आणि अण्णांच्या सदऱ्यावर चहाचा मोठा नकाशा उमटला. चहा निवलेला होता हे बरे झाले. अण्णांनी कप उलटा करून दाखवला. "एक घोटही नाही. आणखी चहा आणा."

शिष्याने अंदाज केला की गाडी डावीकडे वळली म्हणजे डावीकडचा खेळाडू कमी पडतो. त्याने आठांतलाच जास्त ताकदीचा माणूस तिथे आणला. पुन्हा शिट्टी, पुन्हा हिसका. या वेळी चहा अण्णांच्या दुमडलेल्या कानापर्यंत गेला.

"वा," अण्णा कान पुसत म्हणाले. "याला आजवर पुष्कळ काही लागलं होतं. चहा आजच."

सगळे खो खो हसले. शिष्याला मात्र हसू आले नाही. त्याचे सर्वांत बलवान आठ जण समोर उभे होते आणि गाडी सरळ जात नव्हती. परवा रविवार होता.

कप पुन्हा भरून घेऊन अण्णा म्हणाले, "आता भैरूच्या जागी हणमंत येऊ दे. बाकी कोणी हलू नका."

हणमंत पुढे आला. वाकण्याआधी त्याने इनासची जर्सी मुठीत नीट धरली, मागच्याला विचारले, "आलास का?" आणि मगच खांदा गादीला टेकवला. शिट्टी वाजली. क्षणभर काहीच झाले नाही. मग गाडी निघाली. भैरूच्या वेळेसारखी उसळून निघाली नाही, घाटातून बैलगाडी उतरावी तशी शांतपणे, नाकासमोर. चहा थरथरला, पण कपाबाहेर आला नाही. गाडी चालू असतानाच अण्णांनी बशीत ओतून एक घोट घेतला.

"साखर जरा जास्त आहे," ते म्हणाले.

भैरू बाजूला उभा होता. त्याचे मोठे खांदे खाली आले होते. तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी घरी जायचं का, अण्णा?"

"तू वर ये," अण्णा म्हणाले आणि स्वतः खाली उतरले. "कप धर. बस इथे."

भैरू कसाबसा पोत्यावर बसला. गाडी त्याच्या वजनाने करकरली. इनास वाकल्या वाकल्या ओरडला, "अरे, कोणीतरी याला नाश्त्याआधी बसवायचं होतं!" पुन्हा सर्वांनी गाडी ढकलली. जड झाली होती, तरी सरळच गेली. भैरू कपाकडे पाहत होता. मग त्याने मान वळवून खाली हणमंतकडे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिला.

"काय दिसलं?" अण्णांनी विचारले.

"हणमंतदादा शिट्टीनंतर लगेच ढकलत नाहीत," भैरू म्हणाला. "थांबतात."

"कशासाठी थांबतोस रे?" अण्णांनी हणमंतला विचारले.

हणमंतने संकोचून मान खाजवली. "मागच्याचा खांदा माझ्या मांडीला येऊन लागेपर्यंत. तो आला की मी निघतो. त्याच्या आधी निघालो तर त्याचं ढकलणं वाया जातं. बिचारा तो पण मरमर करत असतो."

तेव्हा अण्णा शिष्याकडे वळले.

"तू मेहनतीने निवड केलीस आणि पक्षपात केला नाहीस. याचं मला समाधान आहे. पण तू प्रत्येकाला एकट्याने ढकलायला लावलंस, आणि रविवारी मैदानावर एकट्याने कोणीही ढकलणार नाही. भैरूचं बळ खरं आहे. मात्र तो शिट्टी ऐकतो, शेजाऱ्याला ऐकत नाही. तो एकटा पुढे निघतो, म्हणून गाडी वळते, आणि आपल्याला वाटतं की डावीकडचा कमी पडला. मागच्या वर्षी मीसुद्धा असेच बलवान बघून निवडले होते. हणमंतचं बळ एकट्याचं मोजलं तर थोडं भरतं. पण तो उभा राहिला की उरलेल्या सातांचं बळ जागेवर पोहोचतं. माझ्या कपाने एवढंच सांगितलं. पुढचं तू ठरव."

शिष्याने मग एक गोष्ट केली जी अण्णांनी सांगितली नव्हती. त्याने कप पुन्हा भरून घेतला आणि स्वतः गाडीवर चढून बसला. आधी भैरूला उभे केले. भैरू या वेळी दात आवळून थांबला, बराचसा थांबला. चहा थोडाच सांडला. मग हणमंत. शिष्याने डोळे मिटले. गाडी कोणत्या क्षणी निघाली हे त्याला कळले नाही, इतकी ती सावकाश निघाली. आणि आपल्या खाली आठ माणसे आहेत हेही त्याला जाणवले नाही. एकच कोणीतरी आपल्याला नेत आहे असे वाटले.

तो खाली उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची चिंता गेली होती.

"रविवारी हणमंतदादा सुरुवात करतील," तो म्हणाला. "भैरू, तू बदली म्हणून बाकावर. घरी कोणी पाठवत नाही तुला. वाट पाहणं शिकता येतं, आणि तू आज निम्मं शिकलास. तुझ्याएवढं बळ मात्र कोणी कोणाला शिकवू शकत नाही."

भैरूने खाली पाहिले. मग तो हणमंतपाशी गेला आणि म्हणाला, "दादा, उरलेलं निम्मं उद्या शिकवा."

"उद्या कशाला?" हणमंत म्हणाला. "नाश्ता झाला की ये. पण ढेकर दिल्यावर ये, आधी नको."

त्या संध्याकाळी खोलीतल्या मुलांनी पाहिले: हणमंतने बॅग पलंगावर पालथी केली, एकेक कपडा झटकला, घडी घातली आणि सगळे कपाटात लावले. रिकामी बॅग त्याने पलंगाखाली सरकवून दिली.

रविवारी पहिला स्क्रम लागला. शिष्य अण्णांच्या शेजारी बसला होता. शिट्टी झाली. आपले आठ जण क्षणभर स्थिर राहिले, आणि समोरचे आठ जण पाऊलभर मागे सरकले. चेंडू बाहेर आला, चपळ गडी पळाला आणि सगळे मैदान त्याच्यासाठी उभे राहिले. बाकावरून भैरू मात्र दोन्ही हात तोंडाशी धरून भलतीकडेच ओरडत होता, "थांबलात दादा! मस्त थांबलात!"

शिष्याचेही लक्ष पळणाऱ्याकडे नव्हते. चिखलातून एकमेकांना हात देत उठणाऱ्या आठ जणांकडे तो पाहत होता. अण्णांनी थर्मासमधून चहा ओतून कप त्याच्यापुढे धरला, आणि तो दोघांनी अर्धा अर्धा प्यायला.

कोण किती जोर लावतो हे आपण रोज पाहतो. तो शेजारी असताना इतरांचा जोर किती वाढतो, हेही कधी बसून पाहावे.