आधी डोंगर, मग ओढा

एकदा एक शिकलेली मुलगी आपल्याच वस्तीत शिष्या होऊन परत आली. वस्ती यल्लापूरच्या बाजूच्या दाट रानात होती, सिद्दी लोकांची. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणले गेले आणि गोव्याच्या किनाऱ्यावर विकले गेले. तिथून संधी साधून ते घाट चढून या रानात पळून आले. रानाने त्यांना असे पोटात घेतले की आता ती रानाचीच माणसे झाली आहेत.

ते पळणे कुणी लिहून ठेवले नव्हते. ते एका गाण्यात होते. दमाम म्हणजे दोन्ही तोंडांना चामडे चढवलेला लांबट ढोल. तो जमिनीवर आडवा ठेवून, त्याच्या ठेक्यावर हे गाणे म्हणायचे. एकवीस कडवी म्हणजे वाटेतले एकवीस मुक्काम. खाडी, मिठागर, डोंगर, त्याच्या माथ्यावर एक बाई जिथे बाळंत झाली तो खडक, ओढा. मधूनमधून असेही शब्द यायचे, ज्यांचा अर्थ वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हता. समुद्रापलीकडचे आहेत, एवढेच ठाऊक.

दमामावर बसून हे सगळे गाणे म्हणणारा एकच माणूस उरला होता. वयाने ऐंशीच्या पुढचा. त्याला सगळे आजा म्हणत.

त्याच्याकडे गाणे शिकणाऱ्या या शिष्येच्या जिवाला त्यामुळे चैन नसे. सकाळी उठल्याबरोबर ती आधी आजाच्या छपराकडे बघायची, चुलीचा धूर निघतो आहे ना म्हणून. आजा खोकला की तिची पेन्सिल थांबायची. एकवीसही कडवी तिने वहीत उतरवली, मोबाइलवर घेतली, तोंडपाठ केली. मग मोबाइल पाण्यात पडला तर, वहीला वाळवी लागली तर, असे वाटून वहीच्या तीन प्रती काढल्या आणि त्यातली एक तांदळाच्या डब्यात दडवली.

"तिथं बरी राहील," आजा म्हणाला. "उंदीर तरी वाचतील."

तिने एकही शब्द न चुकता सगळे गाणे म्हणून दाखवले, तेव्हा तो नुसता "बरं" म्हणाला. ते "बरं" तिला फार लागले.

वर्षाच्या जत्रेचा दिवस आला. पूर्वजांच्या दगडाला नारळ वाढवायला हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे सिद्दी रानात जमले. यंदा शहरातल्या एका संग्रहालयाचे गृहस्थही आले होते. गाणे कायमचे जतन व्हावे म्हणून त्यांनी आजासमोर ध्वनिमुद्रणाचे यंत्र मांडले. शिष्या वही घेऊन शेजारीच बसली. आज हे सुखरूप पार पडले की आपण सुटलो, असे तिला वाटत होते.

आठ कडवी निर्वेध गेली. नवव्या मुक्कामाला डोंगर चढायचा आणि दहाव्याला ओढ्याचे पाणी प्यायचे. आजा मात्र गाण्यात आधी पाणी प्यायला.

शिष्येने वहीत पाहिले, तिथे आधी डोंगरच होता. ज्या दिवसाची भीती होती तो आलाच, आणि तोही चारचौघांत, पाहुण्यांसमोर. तिने मान खाली घातली. आजाने ठेका तसाच धरून तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा ओढाच.

तेवढ्यात मागे जत्रेचे जेवण शिजत होते त्या चुलीवरून, हातातला डाव न ठेवता, जुलियानबाय म्हणाली, "काय रे आजा, डोंगर चढायच्या आधीच पाणी? तहान कशानं लागली तुला?"

"आणि तो बाळंतिणीचा खडक?" हुसेनबीने कांदा चिरता चिरता विचारले. "तो डोंगराच्या माथ्यावर आहे. तिला काय ओढ्यात बाळंत करतोस?"

लोक हसले. दोघीचौघींनी डोंगराचे कडवे उचलले, मुलांनी त्यांच्यात सूर मिसळला, आणि आजा मान डोलावत त्यांच्यामागून वाजवू लागला.

गाणे संपल्यावर ते गृहस्थ संकोचत म्हणाले, "आजोबा, एकदा सलग घेऊ या का? मध्येच बायका बोलल्या."

"त्या बोलल्या तेवढं नीट ठेवा," आजा म्हणाला. "माझं पुसलं तरी चालेल."

गृहस्थांना ते कळले नाही. शिष्येलाही नाही. जेवणे उरकून परतीच्या पायवाटेला लागल्यावर तिने भीत भीत विचारले, "आजा, विसरलात का हो?"

"नाही गं बाय, मुद्दाम चुकलो. माझ्या मामानं मला दमाम दिला तेव्हा सांगितलं होतं, दर जत्रेला एका जागी चुकायचं, आणि कुठं ते कुणाला सांगायचं नाही. मग कान देऊन ऐकायचं, कुणाला खटकतं ते. ज्याला सगळं पाठ असतं तो एक दिवस जातो, गाणं घेऊन जातो. पण ज्यांना चूक खटकते ते चुलीपाशी असतात, शेतात असतात. ते असले की गाणं पुन्हा जुळवता येतं. तीन वर्षांमागं मी चौदाव्या कडव्यात चुकलो, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. त्या दिवशी मला घास गेला नाही. मग वर्षभर ह्याच्या अंगणात, तिच्या ओट्यावर, तेवढं एकच कडवं म्हणत बसलो. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं बाकी सगळं गळालं. पुढच्या जत्रेला तिथंच चुकलो, तर पाच पोरं अंगावर आली. तेव्हा कुठं जेवलो."

थोडे चालून त्याने विचारले, "तुलाही खटकलं होतं ना?"

"हो."

"मग गप्प का बसलीस?"

"सगळ्यांसमोर तुमचा मान गेला असता."

"मान राहिला असता बाय," आजा म्हणाला. "डोंगर गेला असता."

ते "बरं" का होते, ते तिला आता उमगत होते. तिची एकही चूक न होणे त्याला पुरेसे नव्हते. दुसऱ्याची चूक ती काढेल का, याची तो वाट पाहत होता.

उतारावर आजा सतरावे कडवे गुणगुणू लागला. समुद्रापलीकडचा एक शब्द यायचा तिथे त्याने नुसता हुंकार भरला आणि पुढे गेला.

"आजा, चुकलात," शिष्या लगेच म्हणाली, आणि तिने तो शब्द म्हणून दाखवला.

आजा थांबला. काठीवर भार देऊन त्याने तो शब्द तिच्यामागून दोनदा म्हटला, नवखे पोर म्हणते तसा.

"पकडलं ना बरोबर?" तिने हसत विचारले.

"पकडलंस," आजा म्हणाला. "ह्या खेपेला मात्र मी मुद्दाम चुकलो नव्हतो."

एरवी पान वाजले तरी दचकणारी ती मुलगी या वेळी दचकली नाही. तिने पुढची ओळ उचलली, आणि आजा तिच्या मागून गात उतरू लागला.