उन्हातला कौल

आडदऱ्याच्या जोगणाईचा कौल गाभाऱ्यात लागत नाही. देवळाबाहेर, उन्हातल्या काळ्या दगडावर लागतो. ज्याच्यावर आळ आहे त्याच्या नावानं तिथं चिडाचं, म्हणजे पाइनच्या झाडाचं, मिटलेलं बोंड ठेवतात. लाकडी खवले उघडून बोंड उमललं, तर माणूस निर्दोष. देवळामागची चिडाची झाडं कुणा गोसाव्यानं हिमालयातून आणलेल्या बियांची, असं सांगतात. कौल बाहेर कसा आला, ते गावातले म्हातारे राणूआबा पाहुण्यांना सांगतात.

पूर्वी कौल गाभाऱ्यातच लागे आणि बोंड कुठं ठेवायचं ते कारभारी बाजीबा ठरवी. एकदा देवीचे चांदीचे डोळे नाहीसे झाले. देवळाची किल्ली बाजीबाच्या कमरेला, पण संशय गेला झाडलोट करणाऱ्या धुरपावर. कौल उलटा लागला तर तिनं लेकीसह गाव सोडायचं, असं ठरलं.

धुरपानं बरेच कौल पाहिले होते. ज्याच्या घरून बाजीबाकडे तूप पोचे, त्याचं बोंड समईजवळ. रिकाम्या हातानं येणाऱ्याचं, अभिषेकाचं पाणी वाहतं तिथं. खवल्याला दोन थर असतात. बाहेरचा पाणी पिऊन फुगतो, आतला फारसा फुगत नाही. मग खवला आत वळतो आणि बोंड मिटतं. वाळलं की बाहेरचा थर आकसून खवल्याला मागे ओढतो. झाडावरून केव्हाच गळालेलं, मेलेलं बोंडही हेच करतं. धुरपाला थर ठाऊक नव्हते. चुलीपाशी उमललेलं बोंड पावसात पुन्हा मिटतं, एवढं सरपण वेचताना दिसलेलं होतं.

बाजीबानं तिचं बोंड ओल्यात ठेवलं. तिनं ते सरळ उचललं. गाव चरकलं.

"कारभारी, देवी भायेर बी हाय न्हवं?"

"तू मला देवी शिकवू नगं."

"न्हाई शिकवत. उन्हात ठेवते. शेजारी तुमच्या नावाचं बी एक ठेवा."

एक म्हातारी म्हणाली, "ठेव की रं बाजीबा. भ्या वाटतंय व्हय?"

गाव दगडाभोवती बसून राहिलं. कुणी कुणाला जवळ जाऊ देईना. ऊन चढलं तसं धुरपाचं बोंड कटकट वाजत उमललं, म्हणे. पाठोपाठ बाजीबाचंही. त्यानं छाती पुढं काढली, तोच धुरपा म्हणाली, "आता पाटलाच्या म्हशीच्या नावानं ठेवा. ते बी उमलंल."

कुणी हसलं नाही. आजवर कुणाकुणाला हाकललं, ते जो तो आठवत होता. धुरपा गावात राहिली. बाजीबाचा कारभार गेला. डोळे काही सापडले नाहीत.

आजही कौल उन्हातच लागतो. आभाळ भरलेलं असलं की लावतच नाहीत. त्या दगडावर अजून एकही माणूस दोषी ठरलेला नाही.