आईसाठी दिलेला दिवा

हे मी नीट सांगतो आहे की नाही, याची मला खात्री नाही. या वयात ऐकलेलं आणि कल्पिलेलं एकमेकांत मिसळतं. पण गोष्ट साधारण अशी.

एकदा एक वृद्ध प्राध्यापक होते. साऱ्या प्रदेशाला पुरवायची वीज साठवावी कशी, हा त्यांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचा विषय. त्यांचा शिष्य साठवणीच्या पद्धतींची तुलना करत होता: डोंगरावर चढवलेलं पाणी, मोठाल्या बॅटऱ्या, वेगानं फिरणारं जड चाक. गावी त्याची आई आजारी होती. "अहवाल संपला की जातोच, सर," असं तो म्हणत राही.

एके दिवशी सरांनी त्याला बॅटरीवरचा एक छोटा दिवा दिला. "पूर्ण चार्ज केलेला आहे. जाशील तेव्हा आईला दे. तोवर लावू नकोस."

दिवा कपाटात राहिला. पावसाळा सरला, थंडीही सरत आली.

मग एका सकाळी सर आले. "काय रे, लागला का निकाल? कोण पहिलं आलं?"

"चाक, सर. दिलेलं जवळजवळ सगळं परत करतं."

"कधी मागितलं तर?"

शिष्य अडखळला. "लगेच मागितलं तर. उद्यापर्यंत ते थांबलेलं असेल."

"हं. आता तो दिवा लाव बघू."

त्यानं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

सर हळूच खुर्चीत बसले. "किती परत मिळेल, हे तू मोजलंस. किती वाट पाहायला लावणार, हे मोजलं नाहीस. पाणी ऋतूभर थांबतं, चाक थांबत नाही. तू आईला डोंगरावरचं पाणी समजून बसलास. ती चाक आहे रे."

शिष्य त्याच दुपारच्या एसटीनं निघाला. पोचला तेव्हा आईची वाचा गेली होती. त्यानं दिवा चार्ज केला आणि तिच्या उशाशी लावला. तिनं आपल्याला ओळखलं, की नुसतं उजेडाकडे पाहिलं, हे त्याला कधीच ठरवता आलं नाही.

मला मात्र एक शंका छळत राहिली. चांगली बॅटरी नुसती ठेवून तेवढ्या काळात अशी उतरत नाही. पुष्कळ वर्षांनी तो शिष्य भेटला, तेव्हा भीतभीतच विचारलं.

"मला ते बटण दाबतानाच कळलं होतं," तो म्हणाला. "पुढे सरांनीही सांगितलं. दिवा त्यांनी रिकामाच दिला होता. मी जाणार नाही, हे त्यांना त्याच दिवशी ठाऊक होतं."