नंबर दोनची जागा

“...मग त्यानं माझी गन का सोडली, उस्ताद?”

हवालदार शिवदास जगदाळेनं विचारलं आणि सगळा राग हातातल्या भुईमुगाच्या शेंगेवर काढला. शेंग दाण्यासकट चिरडली.

सुभेदार केरबा इंगवले शांतपणे शेंगा फोडत राहिले. पलटणीत त्यांनी उभी हयात मशीनगन शिकवण्यात घालवली होती. पेन्शनीत आल्यावर टेकडीवरच्या भैरोबाच्या देवळात येऊन राहिले. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं सुट्टीवर आली की आधी टेकडी चढत, मग घर गाठत. शिवदास त्यांतला लाडका. हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवदासला जरा जास्तच.

“नामूचं म्हणतोस?”

“दुसरं कोण! मी नंबर एक, तो नंबर दोन. मी घोडा दाबायचा, त्यानं डावीकडं पडून गोळ्यांचा पट्टा सरकवायचा. भरतीपासूनची जोडी आमची. चौकीवर हल्ला झाला त्या सकाळी आमच्या एका गननं अख्खा उतार रोखून धरला. मला पदक मिळालं. आणि हा गडी दुसऱ्या दिवशी साहेबापुढं उभा. म्हणे, मला लंगरात पाठवा, रोट्या लाटीन.”

“मग?”

“मग काय... लाटतोय. माझ्याशी बोलत नाही. भ्याला, उस्ताद.”

केरबांनी सोललेले दाणे त्याच्या ओंजळीत ओतले.

“खा. ...तुला आता शिकवायला नेमणार म्हणं?”

शिवदासचा चेहरा फुलला. “सगळा इतिहास पाठ केलाय. ऐकता?”

“म्हण.”

“आधी हातानं दांडा फिरवायची गन. ज्यानं ती काढली त्याला वाटलं होतं, एक माणूस शंभरांचं काम करील, फौजा लहान होतील, माणसं कमी मरतील.”

“मग? मेली कमी?”

“...नाही.”

“हं. पुढं.”

“मग गोळी सुटल्याच्या धक्क्यानं आपोआप भरणारी आली. नळी पाण्यानं थंड ठेवायची. पहिल्या महायुद्धात तिच्यापुढं पलटणीच्या पलटणी आडव्या झाल्या. मग पाणीही गेलं, वजन उतरलं. आता क्षेपणास्त्रं आहेत, ड्रोन आहेत. तरी तिला अजून कुणी हटवलं नाही.”

नातवाचे पाढे ऐकावेत तसे केरबा ऐकत होते.

“दांडा गेला, पाणी गेलं. काय गेलं न्हाई?”

“गोळी.”

केरबांनी नकारार्थी मान हलवली.

“घोडा?”

केरबा उठले. देवळामागून मुसळ आणलं, एका धोंड्यावर आडवं टेकवलं. शेळीचं दावं सोडून शिवदासच्या हातात दिलं.

“पड खाली.”

“उस्ताद, तुमचे गुडघे...”

“गुडघं माझं हायत.”

शिवदास हसत सवयीनं मुसळामागं गेला. म्हाताऱ्यानं त्याला कोपरानं ढकललं.

“तिकडं. डावीकडं.”

शिकाऊ दिवस सरल्यावर त्या बाजूला शिवदास कधी पडलाच नव्हता. तो पालथा झाला. दाव्याचं टोक मुसळापाशी धरलं.

“समोरचं मी बघतो. तू मला बघ.”

केरबांनी मुसळाला गाल लावला. शिवदासला आधी हसू फुटलं. मग म्हाताऱ्याचा जबडा आवळला. पापणी थांबली. ओठ दातांवरून मागं सरकले. खांदा बारीक थरथरू लागला, आणि ते एका हातानं दावं शिवदासच्या हातातून ओढून घेऊ लागले.

शिवदास बघत राहिला.

भरतीच्या वर्षी तो तापानं फणफणला होता, तेव्हा रात्रभर कपाळावर ओल्या घड्या ठेवणारा माणूस हाच. पण त्या चेहऱ्यात तो माणूस नव्हता. राग नव्हता, भीतीही नव्हती. कुणीच नव्हतं.

“उस्ताद...”

खांदा थरथरत होता.

“उस्ताद!”

शिवदासनं दावं टाकून दिलं.

केरबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा चेहऱ्यावर सगळ्या सुरकुत्या परत आल्या होत्या.

“पट्टा का सोडलास, पोरा?”

“तुम्ही... ओळखू येईनात.”

सुटलेली शेळी निवांत शेंगा खात होती. दोघांपैकी कुणी तिला हाकललं नाही.

“त्या सकाळी नामू ओरडत होता,” शिवदास म्हणाला. “मला वाटलं, गोळ्या संपल्या म्हणून सांगतोय...”

“आन्?”

“गोळ्या होत्या, उस्ताद. पट्टा भरलेला होता. तो माझं नाव घेत होता.”

केरबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तसाच ठेवला.

“म्हणजे तो भ्याला नव्हता?”

“भ्याला की. पर गोळीला न्हाई,” केरबा मायेनं म्हणाले.

शिवदासनं म्हाताऱ्याला काखेत हात घालून उठवलं. अंगावरची माती झटकली. मग पोरासारखा त्याच्यापुढं उभा राहिला.

“सुट्टीवर आलाय तो. घाटाखालीच गाव आहे त्याचं. गेलो... तर बोलू काय?”

केरबांनी आपला खरबरीत तळवा त्याच्या गालावरून फिरवला.

“काय बी बोलू नगंस. दाढी कर, आन् उजेडात त्याच्यापुढं जाऊन बस.”