प्रधानांच्या वतीने

डोंगरातल्या खैरदरा प्रांताची एक जागा संघराज्याच्या वरिष्ठ सभेत होती. प्रधान रायाजीपंतांनी नवा नियम काढला की, उमेदवार त्या प्रांतातला नसला तरी चालेल. लगेच राजधानीत राहणाऱ्या त्यांच्या मेहुण्याने खैरदऱ्याच्या जागेसाठी अर्ज भरला. खैरदऱ्याची नदी राजधानीकडे वळवायचा ठराव सभेपुढे यायचा होता.

खैरदऱ्याच्या भिवराबाई न्यायालयात गेल्या. “घटनेने प्रत्येक प्रांताला स्वतःचा आवाज दिला आहे,” त्या म्हणाल्या.

प्रधान हसले. “बाई, आवाजाला गाव कशाला लागतं? माणूस शहाणा असला की दुसऱ्याच्या मनातलं त्याला कळतंच.”

भिवराबाई पुढे झाल्या. त्यांनी न्यायाधीशांना हात जोडले. “महाराज, थोडंफार शहाणपण मलाही आहे. म्हणून प्रधानजींच्या वतीने मीच सांगते, ते हा नियम मागे घेत आहेत. लिहून घ्या.”

कारकुनाने लेखणी उचलली, तसे प्रधान ताडकन उठले. “माझ्या वतीने बोलणारी ही कोण? मला विचारलं तरी का हिने?”

“आमचा खैरदराही हेच विचारतो आहे,” भिवराबाई शांतपणे म्हणाल्या.

न्यायाधीशांना हसू आवरेना. “प्रधानजी, तुमचं हे शेवटचं म्हणणं मात्र पटलं.”

नियम रद्द झाला. त्या उन्हाळ्यातही नदी खैरदऱ्यातूनच वाहिली.