महाराजांना हवा तसा साक्षीदार

करंजगडच्या मानाजी महाराजांनी राज्यात लस टोचायला बंदी केली, कारण त्यांना स्वतःला काहीच ठरवता येईना.

दर हिवाळ्यात गडाखालच्या गावांत तापाची साथ यायची. आधी खोकला, मग कणकण, मग धाप. म्हातारी माणसं आणि लहान मुलं त्यात दगावायची. यंदा भानुशास्त्री नावाचे वैद्य दूरच्या मुलखातून या तापावरची नवी लस शिकून आले आणि खालच्या आळीतल्या काही मुलांना त्यांनी ती टोचलीसुद्धा. राणी सईदेवी म्हणाल्या, आपल्या युवराजांनाही टोचून घेऊ. महाराज म्हणाले, विचार करू. जेवण, वामकुक्षी आणि सोंगट्यांचा डाव यांतून सवड मिळेल तेव्हा महाराज विचार करत. तो काही संपेना.

शास्त्री सरळ माणूस. दरबारात विचारलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की दंड थोडा सुजतो, एखाद्या मुलाला दिवसभर कणकण वाटते, आणि लस घेऊनही कुणाला ताप येऊ शकतो, पण तो सहसा जिवावर बेतत नाही. एवढं पुरलं. प्रधान म्हणाले, बघा, स्वतःच कबूल करतोय! मग सेनापती बोलले, ज्योतिषी बोलले, हत्तीखान्याचे कारभारीही बोलले. ज्यांनी जन्मात कुणाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली नव्हती, त्या सगळ्यांना लशीतलं सगळं कळत होतं.

राणी हट्ट सोडीनात, तेव्हा महाराजांनी तोड काढली.

"मला साक्षीदार आणा," ते म्हणाले. "ज्यांनी पोरांना लस टोचून घेतली त्यांचं मी ऐकणार नाही, ते आपलंच खरं करणार. ज्यांनी नाकारली त्यांचंही ऐकणार नाही, त्यांना तिची काय माहिती? ज्याने लस घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही, असा आई किंवा बाप उभा करा. उद्याचा दरबार उठेपर्यंत मिळाला नाही, तर शास्त्रीबुवांना सीमेपार सोडून या. तोवर कुणालाही टोचायचं नाही."

दरबाराने माना डोलावल्या. महाराजांनीही स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मान डोलावली.

ही बातमी धोबीघाटावर पोचली तेव्हा सगुणा परटीण राजवाड्यातले कपडे पिळत होती. तिचा थोरला मुलगा मागच्या साथीत गेला होता. आता तिला आणि तिच्या नवऱ्याला, लिंबाला, पारू नावाची एवढी एकच लेक राहिली होती. लिंबालाही लशीची धास्ती होती.

"एक लेकरू गेलं," तो म्हणाला. "दुसरीला सुई टोचायला लावायची, आणि काही झालं तर?"

"आणि नाही टोचली म्हणून काही झालं तर?" सगुणाने विचारलं.

लिंबा म्हणाला, निदान महाराज काय ठरवतात ते तरी बघू.

सगुणाने हातातला अंगरखा त्याच्यापुढे धरला. "या माणसाला सकाळी कुठला अंगरखा घालायचा ते ठरवता येत नाही. चार चढवतो, चार उतरवतो आणि चारही मला धुवायला पाठवतो. त्याच्या भरवशावर मी पारूला ठेवू?"

दुसऱ्या दिवशी ती पारूला कडेवर घेऊन दरबारात गेली. लिंबा मागोमाग होता. वाटेतच कळलं होतं की ताप शेजारच्या गावात आलाय.

साक्षीदार मिळाला का, असं महाराजांनी विचारलं.

"मिळाला, सरकार," सगुणा म्हणाली. "त्याला लहान लेकरू आहे. त्याने लस घेतलेली नाही, नाकारलेलीही नाही. वैद्य दारात तिष्ठत बसलाय आणि हा आपला विचार करतोय."

महाराजांचा चेहरा पडला. "मग उभा कर त्याला."

"त्याला उभं करायची माझी काय बिशाद? तो सिंहासनावर बसलाय."

प्रधान ताडकन उठले. महाराजांनी त्यांना हातानेच खाली बसवलं. राणींनी पदर तोंडाला लावला.

"याहून पक्का साक्षीदार साऱ्या राज्यात दुसरा नाही," सगुणा म्हणाली. "आता साक्ष द्या, महाराज. लस कशी आहे?"

"मला काय ठाऊक? मी कुठे ती—" महाराज म्हणाले आणि थांबले.

"म्हणजे तुम्हाला हवा तसा साक्षीदार मिळाला, आणि त्याला काही ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते आईबाप मी पोरांसकट बाहेर आणून उभे केलेत. त्यांचे सुजलेले दंडही बघा, आणि ती पोरं तुमच्या अंगणात कसा धुडगूस घालताहेत तेही बघा."

लिंबाने मान वळवून अंगणाकडे पाहिलं. सुजलेल्या दंडांची पोरं एकमेकांच्या मागे पळत होती. मग पुढे येऊन त्याने सगुणाच्या कडेवरून पारूला आपल्याकडे घेतलं आणि शास्त्रीबुवांना हळूच विचारलं, कुठल्या दंडावर टोचता?

महाराजांनी घसा खाकरला. "तरीही, मला वाटतं, आणखी थोडा विचार—"

"करा की, सरकार," सगुणा म्हणाली. "ताप शेजारच्या गावापर्यंत आलाय. तेवढा हुकूम पाठवा त्याला, महाराजांचा विचार होईपर्यंत वेशीवरच थांब म्हणून."

आधी राणी हसल्या. महाराजांनी रागावून त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांच्याच मिशा थरथरू लागल्या आणि मग ते सिंहासन हलेपर्यंत हसले. त्यांनी बंदी उठवली. राणींनी आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं, आणि महाराजांनी विचारलं, आणखी काय हवं?

"पहिला नंबर पारूचा," सगुणा म्हणाली. "युवराज तिच्या मागे."

महाराज हसत हसतच हो म्हणाले. तिसऱ्या नंबरासाठी मात्र मोठी ढकलाढकली झाली, कारण प्रधान, सेनापती आणि ज्योतिषी आपापली नातवंडं घेऊन एकदमच पळत आले होते.